पाचोरा-जामनेर गाडी, १:८७ स्केल : मॉडेलमध्ये पाऊस आणि फुफाटा कसा आणायचा?

रुळावरचा_पाहुणा

मंडळी, पाजे म्हणजे आपली पाचोरा-जामनेर गाडी आता धावत नाही. ती निदान टेबलावर तरी धावावी म्हणून एक डायोरामा (छोटा देखावा) करायला घेतलाय. शेंदुर्णी-पहूर भागातला एक काल्पनिक तुकडा आहे. छोटा फलाट, पत्र्याची शेड, एक कडुनिंब, मागे शेतं. पाट ९० × ४० सेंमीचा. ५६ किलोमीटरचा अख्खा मार्ग याच स्केलने करायचा तर साधारण ६४४ मीटर रूळ लागतील, तेवढी गच्ची कोणाकडे असेल तर कळवा.

१:८७ (म्हणजे खऱ्याचा ८७वा भाग) का, तर रुळांचं गणित जमतं. मूळ रुंदी ७६२ मिमी, भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिमी. बाजारात ९ मिमीचा तयार एन-गेज रूळ मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. ब्रॉडगेजवाल्यांचं तसं नाही, त्यांना हवेत १९.३ आणि मिळतात १६.५ मिमी, त्यामुळे त्यांची गाडी कायम अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. (भुसावळकर, दिवे घ्या.)

स्टेशन, डबे, झेडडीएम (नॅरोगेजचं डिझेल) इंजिन वगैरे होत आलंय. अडलंय ते हवामानापाशी. डावीकडे मे महिना आणि उजवीकडे पाऊस असं एकाच पाटावर दाखवायचा विचार आहे. पडता पाऊस दाखवायला बारीक तंगूस वरून ताणून लावावी का? अनुभवींनी सांगा.

मेहरूणकर

वाचतोय. फोटो टाका राव.

दीपनगरवाला

तंगूस अजिबात लावू नका. हिशोब करून बघा. बाजारातली बारीक तंगूस ०.२ मिमीची. गुणिले ८७ म्हणजे साडेसतरा मिमी. तुमच्या फलाटावर आभाळातून बोटभर जाडीच्या काचेच्या सळया पडतायत! पावसाचा बऱ्यापैकी टपोरा थेंब २ मिमीचा, तो या स्केलला ०.०२३ मिमी होतो. आपला केस त्याच्या दोन-तीनपट जाड असतो. म्हणजे खरा थेंब या मॉडेलमध्ये दिसणारच नाही, आणि जे दिसेल ते खोटं असेल.

माझं सरळ मत : हवेतलं काहीही बनवायला जाऊ नये. पाऊस नाही, वारा नाही, धुकं तर नाहीच (कापूस पिंजून लावलेलं धुकं बघून मला गादीवाला आठवतो). हवामानाने जमिनीला, पत्र्याला, झाडाला, माणसाला काय केलं ते बनवायचं. बघणारा बाकीचं आपोआप समजून घेतो.

आणि एक. एका पाटावर दोन ऋतू म्हणजे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला तक्ता होतो. एकच निवडा.

रुळावरचा_पाहुणा

तंगुशीचं पटलं. ऋतूंचं नाही पटलं. फुफाटाही हवाय आणि चिखलही हवाय, कारण ती गाडी दोन्हीत पाहिलेली आहे.

यावलची_माहेरवाशीण

भांडू नका दादाहो. दोन ऋतू कशाला, एकच दुपार घ्या ना. मृगाचा पहिला पाऊस. आपल्याकडे या बांधाला धो धो आणि पलीकडच्या बांधाला धूळ, हे दर जूनमध्ये बघतोच की आपण. पावसाची कड मॉडेलच्या मधून जाऊ द्या. डावीकडे भेगाळलेली काळी, मध्ये थेंबांची नक्षी पडलेला फुफाटा, उजवीकडे चिंब फलाट. खोटं काहीच नाही.

मागे शेत कसलं दाखवणार? केळी असेल तर त्यावर लिहिते. माहेरी केळीच आहे.

दीपनगरवाला

मान गये ताई. माझा आक्षेप मागे.

रुळावरचा_पाहुणा

ताई, साष्टांग दंडवत. हेच करतो. केळीवर जरूर लिहा.

दीपनगरवाला

मग आधी डावी बाजू, म्हणजे काळी माती घेऊ.

दुकानातलं क्रॅकल मिडियम (सुकताना भेगा पडणारा लेप) महाग पडतं आणि त्याच्या भेगा जुन्या चिनी मातीच्या बशीसारख्या दिसतात. आपल्याकडे खरी माती फुकट आहे, ती वापरा. काळी माती भेगाळते कारण तिच्यात पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती असते, सुकली की आकसते. तो गुण पाटावरही तसाच राहतो, फक्त आकार आवरायचा. भेगांमधलं अंतर थराच्या जाडीवर ठरतं. जाड थर, मोठी ढेपळं. पातळ थर, बारीक ढेपळं. शेतात हाताचा पंजा आत जाईल अशी भेग असते, ती या स्केलला एक मिलिमीटरची. म्हणून थर दीड मिमीच्या वर नको.

कृती : माती उन्हात वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून घ्या. तव्यावर थोडी परतून घेतली तर किडे नि गवताचं बी मरतं, नाहीतर मॉडेलवर खरंच हिरवळ उगवते. फक्त पाण्यात कालवा, फेविकॉल घालायचा नाही. घातलात की कण एकमेकांना धरून ठेवतात आणि भेगाच पडत नाहीत. इडलीच्या पिठाइतकं सैल करून पसरा आणि पंख्याखाली ठेवा. पूर्ण सुकून भेगा पडल्या की मग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडा आणि त्यावर ड्रॉपरने फेविकॉलचं पातळ पाणी सोडा. अल्कोहोलमुळे ते थेंब होऊन न थांबता आत झिरपतं.

तळ थर्माकोलचा असेल तर त्यावर आधी इमल्शनचा हात द्या. तळ खरबरीत असला तर ढेपळं बारीक होतात, गुळगुळीत असला तर मोठी. म्हणून ओल्या रंगावर थोडी वाळू भुरभुरवून घेतलेली बरी.

सगळ्यात महत्त्वाचं, चुंबक फिरवा. आपली माती बेसॉल्टची, तापीची वाळूही तिथलीच. त्यात मॅग्नेटाइटचे काळे कण भरपूर असतात. कागदाखाली चुंबक धरून माती हलवून बघा, दाढीसारखे केस उभे राहतात. हे कण रुळाजवळ राहिले तर इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर बसते. दोनदा-तीनदा काढून घ्या.

भेगा फक्त शेतात दाखवा. पाऊलवाटेवर आणि गाडीवाटेवर भेगा नसतात, तिथे तुडवून तुडवून फुफाटा झालेला असतो.

अहिराणी_गडी

भो, एवढी मेहनत कराले आख्खा उन्हाया जाई! पन वाचीसन मजा उनी.

मेहरूणकर

फुफाट्यासाठी काय वापरता? मी टाल्कम पावडर वापरली तर सगळं स्टेशन कॅरमबोर्ड वाटायला लागलं.

दीपनगरवाला

टाल्कम फार पांढरी पडते. मुलतानी माती घ्या, रंग आपल्या धुळीच्या बराच जवळ आहे. तिच्यात चिमूटभर गेरू आणि काळ्या मातीची वस्त्रगाळ मिसळा. आमच्याकडे औष्णिक वीज केंद्राची राख उडते. ती करड्या धुळीसाठी उत्तम, कण इतके बारीक की १:८७ ला पण धूळच दिसते. पण मास्क लावून काम करा, ती छातीला वाईट.

धूळ कोरड्या ब्रशने शेवटी टाकायची. वर मॅट वार्निशचा फवारा मारला की निम्मी धूळ गायब होते आणि उरलेली गडद पडते, म्हणून हवी त्याहून जास्त आणि फिकट टाकायची. किंवा जिथे कुणाचा हात लागणार नाही तिथे काहीच मारायचं नाही.

यावलची_माहेरवाशीण

आता केळी. जूनच्या सुरुवातीला शेतात उंच उभा असतो तो कांदेबाग, म्हणजे मागच्या ऑक्टोबरच्या सुमारास लावलेला. मृगबागेची लागण नुकतीच चाललेली असते, ती दाखवायची तर वीतभर रोपं. दोन्ही एकाच उंचीचे करू नका. आपल्याकडचा माणूस लगेच बोट ठेवील.

झाडांतलं अंतर पाच फूट धरलं तर स्केलला १७ मिमी. ओळी सरळ हव्यात. ओळींमधून ठिबकच्या नळ्या जातात, १६ मिमीची नळी म्हणजे स्केलला जेमतेम ०.१८ मिमी. दादा, तुमची ती ०.२ ची तंगूस फेकू नका, काळी रंगवून इथे वापरा! आणि नळीला जिथे तोटी तिथे कोरड्या मातीत गडद ओला गोल. मे महिन्यातही तेवढीच ओल असते शेतात. एवढं एक केलंत तर जळगाव जिल्हा आहे हे पाटी न लावता कळेल.

पान असं करते मी. पान दोन मीटरचं धरा, म्हणजे २३ मिमी. पातळ कागद दोन्ही बाजूंनी आधी रंगवून घ्यायचा, खालची बाजू जरा फिकट, पांढुरकी. मध्ये केसाएवढी तांब्याची तार चिकटवायची (जुन्या चार्जरच्या वायरीतली चालते), मग लांबट पानाचा आकार कापायचा. आता गंमत. केळीचं पान वाऱ्याने कसंही फाटत नाही. मधल्या शिरेपासून कडेकडे ज्या समांतर शिरा जातात त्यांच्याच रेषेत फाटतं. म्हणून ब्लेडने कडेकडून शिरेपर्यंत तिरप्या चिरा द्यायच्या, शीर तोडायची नाही. कुठे दोन चिरा जवळ, कुठे बोटभर सलग. मग प्रत्येक पट्टी सुईने थोडी वेगळी वाकवायची. जुनी, खालची पानं जास्त फाटकी. मधली सुरळी, म्हणजे नवं न उलगडलेलं पान, एकदम अखंड आणि पोपटी.

उन्हाची बाजू : कडक उन्हात पानाचे दोन्ही अर्धे शिरेपासून खाली झुकतात, छत्री मिटायला लागावी तसे. कडा करपून तपकिरी. डावीकडच्या ओळी अशा करा.

पावसाची बाजू : वारा. सगळ्या झाडांची पानं एकाच दिशेला. कडुनिंबाच्या फांद्या, फलाटावरच्या बाईचा पदर, दोरीवरचं धोतर, सगळं त्याच दिशेला. एक पान उलट गेलं की संपलं. वादळ दाखवायचं असेल तर एक-दोन झाडं कमरेतून मोडलेली, तीही त्याच बाजूला पडलेली. पण दादा, आडवा झालेला बाग बघवत नाही, तेवढं नका दाखवू.

रुळावरचा_पाहुणा

ताई, हे वाचून मी कागद शोधायला उठलो. मोडलेली झाडं नाही दाखवत.

नवशिक्या_नंदुरबार

माझा बाळबोध प्रश्न. उजव्या बाजूला डबकी लागतील. फेविकॉलने होतात का, की रेझिनच (ओतल्यावर घट्ट होणारं काचेसारखं प्लास्टिक) पाहिजे? रेझिनचा वास घरात सहन होत नाही.

गोलाणी_गल्ली

डबक्याच्या आधी ओल. बहुतेक मॉडेलांत इथेच गडबड दिसते. लोक सगळीकडे ग्लॉस वार्निश फासतात आणि स्टेशन तुपात तळल्यासारखं दिसतं. माती ओली झाली की आधी *गडद* होते. चमक फार नंतर येते. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिथे प्रकाश परत बाहेर फेकला जातो. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की प्रकाश आत आत शिरून मुरतो. म्हणून आधी मातीचाच रंग दोन छटा गडद करून पातळ वॉश (रंगाच्या पाण्याचा हात) द्या, मॅट. चमक फक्त जिथे पाणी साचलंय किंवा ओघळतंय तिथे : बैलगाडीची चाकोरी, फलाटाची कड, पत्र्याच्या पन्हळी. चाकोरीत सर्वात आधी पाणी भरतं.

आणि पाऊस पटवायचा सर्वात सोपा उपाय म्हणजे *कोरड्या जागा सोडा*. उभ्या डब्याखाली कोरडं. शेडच्या पागोळ्यांच्या आतल्या बाजूला कोरडं, आणि पागोळ्या पडतात तिथे ओळीने बारीक खळगे. कडुनिंबाखाली अर्धवट. वारा तिरपा असेल तर ही कोरडी जागा तितकी बाजूला सरकते, तेव्हा ताईंच्या केळीच्या पानांची दिशा आणि डब्याखालच्या कोरड्या पट्ट्याची दिशा जुळली पाहिजे. हे जुळलं की बघणाऱ्याला का ते कळत नाही, पण पाऊस दिसतो.

मधल्या पट्ट्यातले थेंब : जुना टूथब्रश, गडद रंगाचं पाणी, अंगठ्याने उडवायचं. ठिपका टोचणीच्या टोकाहून मोठा नको. आधी कागदावर उडवून बघा.

आता डबकी. फेविकॉल सुकल्यावर आकसतो, मध्ये खड्डा पडतो आणि जाड थर आतून दुधाळ राहतो. अर्धा मिमीच्या आतलं डबकं असेल तर एकावर एक पातळ थर देऊन चालून जातं. त्याच्या वर इपॉक्सीच. पॉलिएस्टर रेझिन घेऊ नका. वासही त्याचाच फार आणि तो थर्माकोल खातो, सगळा पाट खाली बसेल. इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही, वासही त्या मानाने कमी. तरी हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, काहींच्या कातडीला ते बाधतं.

खान्देशात इपॉक्सी ओतताना मात्र डब्यावरच्या सूचना जशाच्या तशा धरू नयेत. त्या २५ अंशांसाठी लिहिलेल्या असतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग दुप्पट. म्हणजे डब्यावर ४० मिनिटं लिहिलं असेल तर मेमध्ये ३५ अंशांच्या खोलीत तुमच्या हातात २० मिनिटं. वर, जाड थर स्वतःच तापतो आणि त्याने आणखी वेग येतो. कपातच धूर निघून दगड झालेला मी पाहिलाय. पहाटे ओता, एका वेळी दोन-तीन मिमीच, आणि मिसळलेलं कपात न ठेवता लगेच पसरवा. एक फायदाही आहे. उष्णतेने रेझिन पातळ होतं, बुडबुडे आपोआप वर येतात, थंडीतल्यासारखं बाटली गरम पाण्यात ठेवावी लागत नाही.

कूलर बंद! हे ठळक अक्षरात लिहायला हवं. कूलरची दमट हवा लागली की काही हार्डनरमुळे (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळतात ते) वर तेलकट चिकट साय येते. आली तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून काढा. आणि कूलर धूळ आणून टाकतो ती वेगळीच. ओतल्यावर वर घमेलं उपडं घाला.

शेवटचं, पत्र्याच्या खोलीत मॉडेल ठेवू नका. पुष्कळशी हॉबी रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडतात. पत्र्याखाली दुपारी तेवढं सहज होतं आणि डबक्यावर बोटाचा ठसा उमटतो.

नवशिक्या_नंदुरबार

बापरे. धन्यवाद. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण वजनाने की मापाने?

गोलाणी_गल्ली

दोन्ही प्रकारचे येतात, डब्यावर जे लिहिलंय तेच. वजनाचं प्रमाण मापाने घेतलं की आयुष्यभर चिकट. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्या. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं हा गैरसमज आहे.

अहिराणी_गडी

गढूळ पानी कसं कराचं? आपला नालाले पानी येस ते चहासारखं लाल येस, काचसारखं नही.

गोलाणी_गल्ली

बरोबर. पहिल्या पावसाचं पाणी पारदर्शक दाखवलं की ते स्वित्झर्लंड होतं. रेझिनमध्ये तीच वस्त्रगाळ माती, अगदी सुईच्या टोकावर मावेल एवढी, किंवा ऑइल कलरचा ठिपका. पाण्यातला ॲक्रिलिक रंग जास्त झाला तर रेझिन नीट घट्ट होत नाही. तळाचा थर गढूळ आणि वरचा जेमतेम रंगीत ठेवलात तर खोली दिसते.

मेहरूणकर

मी रंग आणि रेझिनमध्ये ढ, पण फोटो काढतो, म्हणून उजेडाबद्दल. इतकं सगळं करून वर ट्यूबलाइट लावलीत तर पाणी फिरलं.

आपण २१ अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मृगाला सुद्धा जेमतेम दोन अंशांचा फरक. म्हणजे डाव्या बाजूला एकच छोटा प्रखर दिवा, सरळ वर. शेडची सावली भिंतीला चिकटून, माणसांची पायापाशी. बाजूने दिवा मारून लांब सावल्या पाडल्या तर तो डिसेंबर होतो. दिवा ५००० केल्विनच्या आसपासचा (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, दिव्याच्या खोक्यावर असतो).

उजव्या बाजूला ढग. ढगाखाली कडक सावली नसतेच. तिथे पांढऱ्या एलईडी पट्ट्या, ६५०० केल्विन, आणि खाली बटर पेपर ताणून. बटर पेपरची कड जिथे संपते तिथेच पावसाची कड. ती कड एकदम कापू नका, शेवटच्या बोटभर भागात कागदाला झालर कापा म्हणजे उजेड हळूहळू बदलतो.

मागचा पडदा : डावीकडे डोंगर जवळजवळ दिसूच नयेत, धुरकट पांढरं आभाळ. पाऊस जिथे पडतोय तिथेही ते करड्यात बुडालेले. डोंगराची निळी स्वच्छ रेघ पाऊस होऊन गेल्यावर दिसते, तेव्हा या सीनमध्ये ती काढायचा मोह आवरा.

दीपनगरवाला

एक राहिलं. गारा घालायच्या का? पहिल्या वळवात पडतात कधी कधी. साबुदाणा सुचवणारे लोक आहेत, तो ३ मिमीचा, म्हणजे स्केलला पाव मीटरची गार, फलाटावर कोणी जिवंत राहणार नाही. मीठही नको, ते ओल धरतं आणि रूळ गंजवतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत चमकायला टाकतात ते काचेचे बारीक मणी चाळून ०.२ मिमीचे घ्या, स्केलला १७ मिमीची गार होते.

यावलची_माहेरवाशीण

गारा नको हो. केळीवर गारा आणि वादळ, दोन्ही नको.

दीपनगरवाला

बरं ताई, रद्द.

रुळावरचा_पाहुणा

गाराही रद्द, वादळही रद्द. नुसता वारा आणि पाऊस. असं ठरवलंय : पावसाची कड फलाटाच्या मधून. गाडी जामनेरकडे तोंड करून उभी, इंजिन आणि पहिला डबा पावसात, मागचा डबा धुळीत. पुढच्या डब्यावरची धूळ ओघळांनी धुतलेली, वरून खाली, खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून सुरू. त्यासाठी ऑइल कलर आणि टर्पेंटाइनचा सपाट ब्रश. मागच्या डब्याच्या टपावर जाड फुफाटा. कोरड्या डब्यातली माणसं खिडकीतून हात बाहेर काढून बघतायत.

एकच शंका : रुळाखालची खडी. मातीसारखीच वस्त्रगाळ चालेल का?

दीपनगरवाला

नाही, खडी मोठी हवी. ५० मिमीचा दगड धरा, स्केलला ०.६ मिमीच्या जवळपास. मैद्याची चाळणी फार बारीक पडते, रव्याच्या चाळणीतून पडलेलं आणि मैद्याच्या चाळणीत अडकलेलं तेवढं घ्या. आणि पुन्हा सांगतो, चुंबक.